दहाव्याचा माईक

माझ्या थोरल्या भावाचा देह त्याच्या मुलीसाठी थांबला नाही. साहेबांसाठी थांबला.

दादा गेला तो सकाळी, गोठ्यात, धार काढून झाल्यावर. आमचं गाव शिरूरकडून येताना मांडवगणच्या पुढं, नदीच्या अलीकडं. मी दौंडहून पूल ओलांडून पोचले तेव्हा दारात मांडव पडत होता आणि माझा भाचा, म्हणजे दादाचा मुलगा, दोन कानांना दोन फोन लावून उभा होता. भाची डेन्मार्कला असते. तिकडच्याच माणसाशी लग्न करून ती तिकडचीच झाली. तिनं फोनवर एवढंच मागितलं होतं, की उद्या दुपारी मी घरी पोचते, तोवर थांबा. शिरूरला बर्फाची पेटी भाड्यानं मिळते. मी येता येता दोन ठिकाणी विचारूनही ठेवलं होतं.

"आपल्यात बॉडी ठेवत न्हाईत, आत्या," भाचा म्हणाला. "लोक नावं ठेवतील. आन् दिवस मावळायच्या आत अग्नी द्यावा लागतो."

नियम मलाही माहीत होता, म्हणून मी पुढं बोलले नाही. दुपारी कळलं, की साहेब पुण्यात मीटिंगमध्ये आहेत आणि त्यांना निघायला उशीर होणार आहे. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. भाच्याला यंदा निवडणुकीला उभं राहायचं होतं आणि तिकीट साहेबांच्या हातात होतं, एवढं सांगितलं की पुरे. लोक थांबले. दादाही थांबला. दिवस मावळला. शेवटी साहेबांच्या गाड्यांचे दिवे रस्त्याला दिसले, तेव्हा दोन ट्रॅक्टर नदीकडं तोंड करून उभे केले गेले आणि त्यांच्या उजेडात दादाला अग्नी मिळाला. दिवस मावळायच्या आत, असं सकाळी सांगणाराच ट्रॅक्टरवाल्याला 'आजून डावीकडं घे' म्हणून हात करत होता.

भाची दुसऱ्या दिवशी दुपारी, सांगितलेल्या वेळेला आली. राख अजून गरम होती.

परदेशातलं सगळं चांगलं आणि आपलं सगळं वाईट, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. तशा माणसांना मी शाळेत नोकरीला असताना पुष्कळ सोसलं आहे. भाचीच्या बाळंतपणाला मी तिकडं जाऊन राहिले होते, आणि त्याच मुक्कामात तिची सासू वारली. बाई दवाखान्यातच गेल्या. मला वाटलं, आता रडारड, आता धावपळ. दुसऱ्या दिवशी जावई कचेरीत गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. मी भाचीला विचारलं, "अगं, आई कुठंय त्याची?" ती म्हणाली, "थंडीत ठेवलंय, आत्या. सगळ्यांना जमेल अशी तारीख बघतायत." त्या बाईचा सख्खा भाऊ स्पेनला सुट्टीवर होता. तो सुट्टी पुरी करून आला आणि कोणालाही त्यात काही वाटलं नाही. सगळ्यांच्या सवडीचा दिवस सापडेपर्यंत आठवड्यावर दिवस गेले.

त्या दिवशी जावयानं अंगणातल्या खांबावर आपल्या देशाचा झेंडा अर्ध्यावर चढवला. आम्ही चर्चमध्ये गेलो, पुरलं, परत आलो. आल्यावर त्यानं दोरी ओढून झेंडा पार टोकाला नेला. त्यांच्यात तशी रीतच आहे. पुरून झालं की झेंडा वर. मग कॉफी, लोणी लावलेले पाव, आणि भाषणं. भाषणं म्हणजे ज्याला वाटेल तो उभा राहून बोलायचा. तो भाऊ उठला आणि म्हणाला, की माझी बहीण पत्ते खेळताना चोरी करायची. सगळे हसले. मग जावयाची बहीण उठली. ती म्हणाली, मी लहान असताना आईला माझ्यासाठी वेळ नसायचा, आणि त्याचा मला अजून राग आहे. माना डोलल्या. कोणी रडलं नाही. एका बाईचं नाक लाल झालं, तर ती उठून न्हाणीघरात गेली आणि कोरडी होऊन परत आली.

मला एवढा संताप आला होता, की मी तो पाव तसाच ठेवला. मेलेल्या बाईची उणीदुणी काढायला कॉफी पाजून माणसं बोलावतात! परत आल्यावर ही हकिकत मी दौंडमध्ये कैक घरी सांगितली, आणि प्रत्येक वेळी त्यांचं काळीज किती गार आहे हे थोडं वाढवूनच सांगितलं.

आता दादाचा दहावा आला. आमच्याकडं दहावा नदीकाठच्या घाटावर होतो आणि त्यात पिंड, कावळा, प्रवचन हे सगळं असलं, तरी मुख्य गोष्ट माईक असते. एकामागून एक पुढारी उठतात आणि श्रद्धांजली वाहतात. गेलेला माणूस त्यांना ठाऊक असावा अशी अट नाही.

भाचीनं ते आठ-नऊ दिवस फार काही मागितलं नाही. ती आईजवळ बसायची, गोठ्यात जाऊन यायची. एका संध्याकाळी ओट्यावर ती भावाला म्हणाली, "मला दहाव्याला बोलायचंय. पाच मिनिटं."

"बाया बोलत न्हाईत दहाव्याला."

"परवा सभापतीबाई बोलल्या की," वहिनी आतून म्हणाली. "तुझ्या चुलत सासऱ्याच्या दहाव्याला. चांगल्या अर्धा तास."

"आई, त्या सभापती हायेत."

"आन् ही लेक हाय."

"यादी झालीया. आता कुणाला काढू त्यातनं?"

भाचीनं विचारलं, "तुझ्या यादीतले किती जण आण्णांना ओळखत होते?" बापाला दोघंही आण्णा म्हणत.

"वळखायचा काय संबंध? मान असतो एकेकाचा." मग तो जरा नरमला. "शेवटी बघू. वेळ ऱ्हायला तर देऊ तुला."

"शेवटी बघू" हे ऐकल्यावर मी विषय मनातल्या मनात मिटवून टाकला. आमच्याकडं शेवट कधी येत नाही, जेवण येतं. पण जावई शेजारी खाटेवर बसला होता, गुडघे हनुवटीपाशी आणून. आमच्या खाटा त्याच्या मापाच्या नाहीत. त्यानं विचारलं, काय ठरलं? भाचीनं सांगितलं, वेळ उरला तर. त्यानं समाधानानं मान हलवली. त्याच्या देशात वेळ उरला तर तो खरोखरच उरतो आणि सांगितलेल्या माणसाला मिळतो.

दहाव्याच्या आदल्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. त्यात साहेब मोठे, भाचा मध्यम आणि दादा एका कोपऱ्यात गोल चौकटीत होता. दादाच्या डोक्याला कॉम्प्युटरवरचा भगवा फेटा बांधला होता. दादानं जन्मात फेटा बांधला नाही. फक्त स्वतःच्या लग्नात बांधला होता, तोसुद्धा त्याच्या मते खाजत होता.

सकाळी घाटावर गेलो. पुढं सोफे मांडले होते. सोफ्यांपुढं टीपॉय, टीपॉयवर पाण्याच्या बाटल्या. मागं खुर्च्या, त्यामागं सतरंज्या. वर एक ड्रोन घोंघावत होता, कारण आता दहाव्याचंही शूटिंग होतं. भाच्यानं जावयाच्या दंडाला धरून त्याला सोफ्यावर नेऊन बसवलं, साहेबांसाठी राखलेल्या जागेला लागून. आम्ही बायका एका अंगाला, स्पीकरच्या मागं. भाची तिच्या आईच्या आणि माझ्या मधे बसली होती. तिला तिथून बापाचा फोटो दिसत नव्हता. स्पीकर दिसत होता.

आधी दुखवटा झाला. सोयरे येत होते, घरच्या पुरुषांना टॉवेल-टोपी देत होते. जावयाच्या मांडीवर पाहता पाहता टोप्यांची चवड झाली. त्यानं एक टोपी डोक्यावर ठेवली आणि बाकीच्या देणाऱ्यांना परत द्यायला लागला. "एक पुरे, आभारी आहे," असं तो इंग्रजीत सांगत होता. दुखवट्याची वस्तू परत करायची म्हणजे तुमचं दुःख आम्हाला नको असं तोंडावर सांगणं. बारामतीकडचे एक सोयरे टोपी हातात घेऊन तसेच उभे राहिले. भाचा धावला, टोप्या गोळा केल्या आणि सगळ्यांना समजावलं, "त्यांच्यात एकच घेत्यात."

सूत्रसंचालनाला शेजारच्या गावचे एक गुरुजी होते. शाळेत इंग्रजी शिकवतात. लग्न, दहावा आणि पाण्याच्या टाकीचं उद्घाटन हे तिन्ही ते एकाच आवाजात करतात. "सातासमुद्रापलीकडून खास या दुःखद प्रसंगी उपस्थित राहिलेले, डेन्मार्क देशाचे आपले जावई!" असं त्यांनी म्हटलं, तेव्हा दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मग दहावा आहे हे आठवून थांबले.

भाषणं सुरू झाली. प्रत्येकानं आधी सोफ्यावरच्यांची नावं पदांसकट घेतली, मग उरलेल्या वेळात दादाला उरकलं. एकानं दादाला सहकारातला दीपस्तंभ म्हटलं. सोसायटीच्या हापिसात भांडण झाल्यापासून दादानं त्या इमारतीची पायरी चढली नव्हती. खत आणायलासुद्धा दुसऱ्याला पाठवायचा. दुसऱ्यानं त्याला अजातशत्रू म्हटलं. बांधावरून दादाचं दोन्ही शेजाऱ्यांशी वैर होतं, आणि ते दोघंही समोर बसून मान हलवत होते. तिसऱ्याचं भाषण मधेच तुटलं, कारण साहेब आले. सगळे उभे राहिले. वहिनीही उठायला लागली, तेव्हा भाचीनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

साहेब थोडंच बोलले. थोडं बोलणं ही मोठ्या माणसाची खूण असते, आणि ते बोलले तेसुद्धा भाच्याबद्दल. वडिलांचं अपुरं कार्य हा तरुण पुढं नेईल, वगैरे. दादाचं अपुरं कार्य म्हणजे गोठ्याचा पत्रा बदलायचा होता.

मग गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "अजूनही अनेकांना भावना व्यक्त करायच्या आहेत, परंतु वेळेअभावी..." भाची हलली नाही. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात भाच्यानं गुरुजींच्या कानाशी तोंड नेलं. गुरुजी फुलले. "परंतु वेळेअभावी आपण केवळ एकच प्रातिनिधिक मनोगत घेणार आहोत. आपले डेन्मार्कचे जावई!"

"त्याला?" भाची म्हणाली. मला नाही, स्पीकरला म्हणाली.

मी मनात म्हटलं, उठू नकोस बाबा. तो उठला. काळा सूट, डोक्यावर पांढरी टोपी. त्यानं माईक घेतला, नवऱ्यामुलासारखा सगळ्यांकडं पाहून हसला आणि इंग्रजीत बोलायला लागला. दर वाक्याला थांबायचा, गुरुजींनी मराठी करावं म्हणून.

तो म्हणाला, "मी माझ्या सासऱ्यांना फारसं ओळखत नव्हतो."

गुरुजी म्हणाले, "जावई म्हणतात, की सासऱ्यांबद्दल किती बोलावं आणि किती नाही, शब्द अपुरे आहेत."

तो म्हणाला, "लग्नानंतर काही वर्षं ते आमच्याशी बोलत नव्हते. मला त्यांची थोडी भीती वाटायची."

"त्यांचा धाक आणि त्यांचे संस्कार थेट डेन्मार्कपर्यंत पोचले होते."

"आम्ही त्यांना तिकिटं पाठवली, पण ते आले नाहीत. माझ्या बायकोला त्याचं फार वाईट वाटलं."

इथं गुरुजी अडकले. सोफ्याकडं पाहिलं. भाच्यानं भुवई उंचावली. मग गुरुजींनी सूर लावला, "या मातीवर त्यांचं एवढं प्रेम, की परदेशाचं आमंत्रणही त्यांनी नाकारलं! आणि हीच मातीची सेवा आता त्यांचे सुपुत्र, आमचे मेहुणे, साहेबांच्या मार्गदर्शनाखाली..."

"असं म्हणाले नाहीत ते."

भाची उभी होती. तिचा आवाज मोठा नव्हता, पण माईक नसलेला आवाज त्या सकाळी पहिल्यांदाच निघाला होता, म्हणून सगळ्यांच्या माना वळल्या.

"ताई, आपण नंतर," गुरुजी म्हणाले.

"नंतर नाही. ते म्हणाले, की आण्णा आमच्याशी बोलत नव्हते. खरं आहे ते. जे म्हणाले ते सांगा, नाहीतर सांगू नका."

पुरुषांतून कोणीतरी ओरडलं, "आवो, खाली बसा!"

"तूच बस खाली," आमच्यातली एक म्हातारी म्हणाली. "बाप तिचा मेलाय, तुझा न्हाई."

साहेबांनी हात वर केला. मुरलेला माणूस. "बोलू द्या. ताईंना बोलू द्या. आपली संस्कृती स्त्रीला मान देणारी आहे." एवढं म्हणून ते उठले, फोटोला हात जोडले आणि गाडीकडं निघाले. त्यांच्यामागं सोफे उठले. सोफ्यांमागं खुर्च्या उठल्या. भाचा क्षणभर मधोमध उभा राहिला, एकदा बहिणीकडं, एकदा गाडीकडं पाहत. मग साहेबांचं दार उघडायला पळाला. गुरुजींनी जावयाच्या हातातून माईक हळूच काढून घेतला. साऊंडवाल्यानं साहेब गेले म्हणजे कार्यक्रम संपला असं धरून वायर गुंडाळायला घेतली. ड्रोनसुद्धा गाड्यांच्या मागं गेला.

म्हणजे भाचीला वेळ मिळाला, पण माईक काही मिळाला नाही. ती तशीच बोलली. ऐकू येईना म्हणून बायका सरकत सरकत जवळ आल्या, आणि उरलेले म्हातारे पुरुषही, ज्यांना साहेबांच्या गाडीपर्यंत चालवणार नव्हतं.

ती म्हणाली, "लग्नानंतर आण्णा बोलायचे बंद झाले. मग एक दिवस त्यांचाच फोन. नमस्कार नाही, काही नाही. म्हणाले, तिकडं पाऊस हाय का? मी म्हटलं, आहे. तर म्हणाले, मग कांदा झाकला का लोकांनी? मी म्हटलं, आण्णा, इथं रानात कांदा नाही, घरं आहेत सगळी. तर म्हणाले, मग ऱ्हात्यात कशाला तिथं?"

दोघी-तिघी हसल्या आणि पदर तोंडाला लावला.

"त्यानंतर दर रविवारी फोन. कॅमेरा स्वतःवर धरायचे नाहीत, गाईवर धरायचे. मी बापाशी बोलायचे आणि मला गाय दिसायची. मी दोनदा तिकिटं काढली. दोन्ही वेळा ते आले नाहीत. मला त्याचा अजून राग आहे. ते गेले तरी आहे."

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं, कॉफी आणि लोणी-पावाच्या टेबलावर. तेव्हा मी पाव खाली ठेवला होता. आता माझ्या हातात ठेवण्यासारखं काही नव्हतं.

"यायचं व्हतं त्यांना," वहिनी म्हणाली. बसल्या जागेवरून, मान वर न करता. "स्वेटर आणला व्हता शिरूरच्या बाजारातनं. हितं उन्हाळ्यात घालून बघायचे."

"मग का नाही आले?"

"गाईचं कोण बघंल म्हणाले."

"आई, गाईचं बघायला तुझा लेक होता, शेजारी होते."

वहिनीनं आजूबाजूला कोण कोण आहे ते पाहिलं. मग दहाव्याच्या घाटावर, पिंडापासून हाकेच्या अंतरावर ती म्हणाली, "आता गेलं माणूस, लपवून काय करू. इमानात लघवीला कुठं जायचं, ते त्यांना कुणाला इचारावं कळंना. साखरेचं दुखणं, घटकंघटकंला उठायचे. रातभर बसायचं म्हणल्यावर कसं व्हायचं, म्हणाले."

कोणी हसलं नाही. बरोबर त्याच वेळी दादाचे एक जुने सोबती, ज्यांना गाव आप्पा म्हणतं, ते खाकरले. "मला इचारलं व्हतं की त्यांनी."

"तुम्ही काय सांगितलं, आप्पा?" भाचीनं विचारलं.

"म्हटलं, जातच न्हाई तिथं कोण. पट्टा बांधून बसिवत्यात. आमचा नातू जाऊन आलाय दुबईला, त्यानं फोटू दाखिवला व्हता पट्ट्याचा."

"जाता येतं, आप्पा. आत असतं सगळं. दार असतं, पाणी असतं."

"व्हय?" आप्पांनी काठीवरचे हात बदलले. "म्हंजी उठू देत्यात व्हय?"

मग मात्र कोणाला आवरलं नाही. आधी ती म्हातारी हसली, मग वहिनी, आणि वहिनी हसते म्हटल्यावर बाकीच्यांना मोकळीक मिळाली. भाची हसता हसता केव्हा रडायला लागली ते कळलं नाही. आप्पा एकटेच हसत नव्हते. ते सगळ्यांच्या तोंडाकडं पाहत होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मला काय म्हाईत? मला कुणी सांगितलं व्हतं?"

जावई माझ्याजवळ आला. डोक्यावर टोपी तशीच होती. काय झालं, का हसतायत, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं.

"पण त्यांनी आम्हाला का नाही विचारलं?" तो म्हणाला. "दर रविवारी तर बोलायचे."

"बाप लेकीला असलं विचारत नाही."

"साधं टॉयलेट तर आहे," तो म्हणाला.

त्याचं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. ज्या देशात सख्खी मुलगी आईवरचा राग कॉफीबरोबर चार लोकांत मांडते, तिथल्या माणसाला हे समजावायचं तरी कुठून? आणि ज्या गावात माणूस लेकीला विचारायला लाजतो आणि आप्पांना विचारतो, त्या गावाची बाजू मी कोणत्या तोंडानं घ्यायची? मी त्याला म्हटलं, टोपी काढा आता, संपलं.

भाचा परत आला तेव्हा घाटावर बायका हसत होत्या.

"हसताय?" तो ओरडला. "बापाचा दहावा हाय! लाज हाय का न्हाई कुणाला?" मग बहिणीकडं वळला. "साहेबांसमोर इज्जत घालिवली माझी. सगळी शूटिंग हाय त्याची."

"तू साहेबांसाठी आण्णांना दिवसभर ठेवलंस," ती म्हणाली. "मी दुसऱ्या दिवशी दुपारी आलेच होते."

"तू चार दिवसांनी इमानात बसून जाशील. मला हितं ऱ्हायचंय. उद्या ऊस न्यायला, लाईट जोडायला, पोरांच्या ॲडमिशनला मला त्यांच्याच दारात जायचंय. तुझ्या देशात न्हाई जावं लागत, हितं लागतं."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी इतिहास शिकवलेला आहे, मला ते कळत होतं. पण "तुझ्या देशात" हे त्यानं सख्ख्या बहिणीला म्हटलं, बापाच्या पिंडाशेजारी, आणि ते तिनं ऐकलं. ती आईला उठवून घरी घेऊन गेली. जेवायच्या पंगतीत ती बसली नाही. जायच्या दिवशी भाचा गावात असूनही आला नाही; मीच दौंडहून गाडी ठरवून त्यांना विमानतळावर पाठवलं. वाटेला लागेपर्यंत जावई म्हणत होता, की एका परीनं बरं झालं, सगळं मोकळेपणानं बोललं गेलं. मी गाडीचं दार लावून घेतलं.

तेव्हापासून भाऊ-बहीण बोलत नाहीत. भाच्याला तिकीट मिळालं नाही. ते साहेबांच्या मेहुण्याला मिळालं. त्याचं खापर भाच्यानं बहिणीवर फोडलं आहे.

परवा वर्षश्राद्धाची पत्रिका आली. आता त्याला प्रथम पुण्यस्मरण म्हणतात. कीर्तन आहे, अन्नदान आहे, आणि प्रमुख उपस्थिती साहेबांची आहे. दादाला पुन्हा फेटा बांधला आहे. निमंत्रकांत जावयाचं नाव ठळक अक्षरांत आहे आणि कंसात डेन्मार्क. भाचीचं नाव नाही. जागेअभावी राहिलं असेल.

मी वहिनीला फोन केला. मागून दोनदा गाय हंबरली. रविवार होता, आता भाचीचे रविवारचे फोन वहिनी घेते.

"येताय नं, वन्सं?" तिनं विचारलं.

"नाही, वहिनी. मी नाही येत."

"बरं करताय," ती म्हणाली. "मी बी नसते आले. पण माझ्याच दारात हाय नं ते."